पुतळा, चौकाचं नाव की चालू पाणी? शहर घडवणाऱ्या नगराध्यक्षांच्या स्मारकाबद्दल माझं मत

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुमच्या गावचे जुने नगराध्यक्ष, ज्यांच्या काळात नळाचं पाणी आलं, मंडई बांधली गेली आणि स्टेशनचा रस्ता रुंद झाला, त्यांची जन्मशताब्दी पुढच्या वर्षी आहे. कमिटीतल्या बहुतेकांना मुख्य चौकात पूर्णाकृती पुतळा हवाय, काही जण म्हणतायत चौकाला नाव द्या म्हणजे खर्चही वाचेल, घरच्यांचं म्हणणं एवढंच की जे कराल ते टिकू द्या, आणि सचिव म्हणून तुम्ही विचारताय की यातलं काय करावं. मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे, अठ्ठावीस वर्षं जुन्या इमारती, प्याऊ (म्हणजे पाणपोया), पुतळे, कोनशिला यांच्या जतन-दुरुस्तीचंच काम करतोय, त्यामुळे उत्तर लांब होणार, वेळ काढून वाचा.

चौकात पुतळा नको, हे माझं स्पष्ट मत. आधी कायद्याचं सांगतो म्हणजे तो विषय संपेल. सुप्रीम कोर्टाने १८ जानेवारी २०१३ ला आदेश दिलाय की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ, रस्त्याच्या कडेच्या जागा इथे नवीन पुतळ्याला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. म्हणजे ट्रॅफिक आयलंडवरचा पुतळा तिथेच बाद. बाकी जागेवर, म्हणजे पालिकेच्या आवारात वगैरे करायचा म्हटलं तरी राज्याचा २०१७ चा जीआर आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कला संचालनालयाकडून क्ले मॉडेल पास करून घ्यावं लागतं, पोलिसांचा ना हरकत दाखला लागतो आणि पुढची देखभाल कोण करणार हे लिहून द्यावं लागतं. हे सगळं एका वर्षात होतं का तर होतं, पण घाईत होतं आणि घाईत केलेल्या पुतळ्याचा चेहरा बिघडतो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. घरच्यांना तो चेहरा रोज बघायचा असतो हो.

आता खरं कारण. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात मला एक वयस्कर बाई भेटल्या, त्यांच्या वडिलांनी गावात पहिली ड्रेनेज लाइन टाकून घेतली होती आणि त्यांचा अर्धपुतळा एका चौकात बसवलेला होता. मग तिथे उड्डाणपूल आला, पुतळा "तात्पुरता" हलवला आणि पुढे कोणालाच माहीत नाही कुठे गेला. आम्ही दोघं शोधत शोधत गोडाऊनला पोचलो, तर जुन्या पथदिव्यांच्या ढिगामागे ताडपत्रीत गुंडाळलेला सापडला, नाकाचा शेंडा उडालेला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पदराने फक्त धूळ पुसत राहिल्या. ड्रेनेज लाइन मात्र तेव्हाही त्याच रस्त्याखालून चालू होती आणि तिच्या एकाही चेंबरवर, एकाही नकाशावर त्यांच्या वडिलांचं नाव नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे स्मारकाचं काम आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, यांनी केलेलं काम आज कुठे आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे?

नुसत्या नावाचं काय होतं ते मुंबईत बघा. ग्रँट रोडला नाना चौक आहे, रोज हजारो लोक बसवाल्याला "नाना चौक" म्हणून तिकीट मागतात, पण त्यातल्या किती जणांना सांगता येईल की हे नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, १८०३ ला मुरबाडला जन्मलेले, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक, ज्या रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली? शाळा, कॉलेज, म्युझियम, बाग, त्या काळच्या मुंबईत जे जे उभं राहिलं त्यात कुठे ना कुठे हा माणूस आहे. त्यांचा पुतळा एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये आहे, सुंदर आहे. पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो सन्मान वेगळाच आहे, सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर रेल्वेच्या संचालकांचे दगडात कोरलेले चेहरे आहेत आणि त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट आहेत. ज्या रेल्वेसाठी धडपड केली तिच्याच स्टेशनच्या भिंतीत माणूस बसलाय. रस्ता रुंद झाला, पूल आला, सरकार बदललं तरी तो चेहरा कोणी गोडाऊनला नेऊ शकत नाही.

फ्लोरा फाउंटनचंही तसंच. किल्ल्याचे तट पाडून मुंबई मोकळी करणारे गव्हर्नर बार्टल फ्रिअर, त्यांच्या सन्मानार्थ ते कारंजं ठरलं होतं, १८६४ चं काम. लोकांनी त्याला फ्लोरा म्हटलं कारण वरती फ्लोरा देवीची मूर्ती आहे, दिसतं ते नाव लोकांच्या तोंडी बसतं. पुढे त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक झालं आणि चौक हुतात्मा चौक झाला, ते योग्यच झालं. मुद्दा इतकाच की चौकाचं नाव हे शहराच्या त्या त्या काळच्या मनाचं असतं, त्यावर एका माणसाची आठवण कायमची टांगून ठेवता येत नाही.

आणि पुण्याची मंडई तर मी प्रत्येक कमिटीला सांगतो. १८८६ ला बांधून झाली, तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि या मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागताला हजार रुपये मंजूर करायचे होते तेव्हाही विरोधात मत देणारे ते एकटेच होते. म्हणजे ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचं नाव आहे. मी हे नाव बदला असं म्हणत नाहीये, उलट मला वाटतं की मंडईत आत एक मोठा फलक हवा ज्यावर हा विरोध आणि त्याचं कारण स्वच्छ लिहिलेलं असेल, कारण लोकांच्या पैशाचा हिशोब मागणं हेही शहर घडवणंच आहे. आणि दुसरी गोष्ट जी फार कमी लोकांना माहितीये, जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचा कालवा या कामांशी त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कंपनीचं नाव जोडलेलं आहे. बोगद्यातून आपण गाडीने जातो तेव्हा कोणाच्या डोक्यात येतं का हे? तिथे कोणी थांबून वाचेल असं दोन ओळी तरी लिहायला हव्यात.

याच्याच उलट्या टोकाचं उदाहरण औरंगाबादचं, आताचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पाण्यासाठी जमिनीखालून नहर काढली, नहर-ए-अंबरी. तीनशे वर्षांहून जास्त काळ त्या नहरींनी शहराला पाणी दिलं. चौकाची नाही की पुतळ्याची गरज नाही, नाव पाण्यालाच चिकटलंय, नहर म्हटलं की अंबरी. मला विचाराल तर याच्यापेक्षा मोठा सन्मान कुठल्याही नगराध्यक्षाला मिळू शकत नाही. दुःख एकाच गोष्टीचं की नहरींची डागडुजी मागे पडली, ठिकठिकाणी वरती बांधकामं झाली, आणि वाहणारं पाणी आटलं की त्यासोबत नावही आटतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला. तुमच्या अध्यक्षांची तीन कामं आहेत, पाणी, मंडई, रस्ता. रस्ता सोडून द्या, तो दर पाच वर्षांनी उकरला जातो. मंडई आणि पाणी योजनेचा फिल्टर प्लांट या दोन जागा धरा. पुतळ्यासाठी जो निधी जमवणार आहात त्यातला मोठा हिस्सा मंडईच्या छपरावर, ओट्यांवर, तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहावर आणि पिण्याच्या पाण्याच्या जागेवर लावा. तुम्ही लिहिलंय की मंडईत पावसाळ्यात गळतं आणि भाजीवाल्या ताडपत्री लावून बसतात. ज्या माणसाने ती मंडई बांधली त्याच्या जन्मशताब्दीला बाहेर पितळी पुतळा चकाकतोय आणि आत कोथिंबिरीवर पाणी ठिबकतंय, हे त्यांनाच आवडलं नसतं.

पिण्याच्या पाण्याच्या जागेवर जरा जास्त बोलतो कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मुंबईत एकोणिसाव्या शतकात स्मारक म्हणजे बऱ्याचदा प्याऊ असायची. मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नायक यांचं कारंजं आहे, १८७६ चं, फोर्टमध्ये रतनसी मुळजी जेठा यांनी आपल्या पंधरा वर्षांच्या वारलेल्या मुलाच्या आठवणीत बांधलेलं कारंजं आहे, त्याचं डिझाइन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, म्हणजे ज्याने व्हीटी स्टेशन, आताचं सीएसएमटी, केलं तोच. सर कावसजी जहांगीर यांनी तर शहरभर अशी पाण्याची ठिकाणं बांधून दिली. यातली काही गेल्या काही वर्षांत दुरुस्त झाली, आणि माझा या सगळ्यातून काढलेला धडा असा की नुसता दगड साफ करून भागत नाही, नळाला पाणी आलं पाहिजे. मी एका गावात छोटी प्याऊ दुरुस्त केली होती, दगड चुन्यात नीट बसवले, कोरीव काम साफ केलं, उद्घाटन झालं, फोटो आले, आणि सहा महिन्यांनी बघतो तर नळ कोरडा आणि आत गुटख्याच्या पिचकाऱ्या. चूक माझीच होती, मी पाण्याच्या कनेक्शनचं बिल कोण भरणार हे कुठल्याच कागदावर लिहून घेतलं नव्हतं. दुसऱ्या वेळी शेजारच्या हमाल पंचायतीच्या लोकांना बसवून बोललो, व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्याकडे, टाकी धुण्याचा वार ठरलेला, बिल पालिकेच्या बजेटमध्ये वेगळ्या हेडखाली. ती प्याऊ आजही चालू आहे आणि दुपारी तिथे हमालांच्या बाटल्यांची रांग लागते. तेव्हा तुमच्या मंडईत पाणी करा, थंड पाण्याची मशीन बसवलीत तर फिल्टर बदलायचा खर्च पाच वर्षांचा आधीच बाजूला काढा.

आता फलक. यात बहुतेक सगळे चुकतात. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, आणि त्यावर काय तर "यांच्या शुभहस्ते", मग आठ पाहुण्यांची नावं, आणि ज्याचा सन्मान आहे त्याने केलं काय हे कुठेच नाही. सोनेरी रंग काही पावसाळ्यांत उडतो, पितळेची सुटी अक्षरं लोक काढून नेतात. आपला काळा बेसाल्ट घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या, रंग भरूच नका, उन्हाच्या सावलीने ती वाचता येतात. मजकुरात लिहा की पाणी कुठल्या नदीतून येतं, किती किलोमीटरवरून, योजना कुठल्या साली मंजूर झाली, कुठल्या साली पहिला नळ सुटला, त्याआधी बायका पाणी कुठून आणायच्या. हे वाचताना शाळेतलं पोरगं थांबतं. अक्षरं एवढी मोठी ठेवा की चष्मा नसलेल्या माणसाला चार फुटांवरून वाचता येतील, आणि फलक कंबरेच्या वर पण डोळ्यांच्या खाली बसवा.

आणि एकट्या अध्यक्षांचं नाव लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. शहर एकटा कोणी घडवत नाही. व्हीटी म्हटलं की स्टीव्हन्स, पण त्याच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य नावाचे आपले इंजिनीअर होते, किती जणांना माहितीयेत? पुण्याची मंडई प्रत्यक्ष उभी केली वासुदेव बापूजी कानिटकरांनी. नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' या कला-वास्तुकलेच्या नियतकालिकात मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, पण बोलताना लोक एका नावावर थांबतात आणि प्रवीणाताईंचं नाव तर कायम गळतं. तुमच्या पाणी योजनेलाही कामावर देखरेख करणारा कोणी तरी ओव्हरसिअर असेल, पाइपलाइन खोदणारी टोळी असेल, ठराव मांडणारा सदस्य असेल, विरोध करून खर्च कमी करायला लावणारा पण कोणी असेल. आणि बंधाऱ्यासाठी कोणाची जमीन गेली असेल तर त्या वाडीचं नाव नक्की घ्या. एका कामात मी हा मुद्दा काढला तेव्हा कमिटीला वाटलं की यामुळे वाद होईल, पण वाडीचं नाव कोरलं आणि उद्घाटनाला त्या वाडीतले पंधरा-वीस म्हातारे लोक स्वतःहून आले, हार घेऊन आले. त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं.

हे सगळं लिहायला माहिती लागते, आणि माहिती पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये वाळवीच्या तोंडी असते. त्यामुळे निधीतला एक छोटा हिस्सा आत्ताच वेगळा काढा आणि त्या काळातली ठरावांची पुस्तकं, पाणी योजनेचे ब्लू प्रिंट, अंदाजपत्रकं यांचं स्कॅनिंग करून घ्या. जुनी बाडं फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबून उघडू नका, शिवण तुटते, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. सोबत जे रिटायर्ड व्हॉल्व्हमन, मीटर रीडर, मंडईतल्या जुन्या भाजीवाल्या हयात आहेत त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. माणूस गेला की कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीत गाडलाय तेसुद्धा जातं, पालिकेच्या इंजिनीअरलाही या रेकॉर्डिंगचा उपयोग होतो, हे मी स्वतः बघितलंय.

झाडांचाही विचार करा. दादर पारसी कॉलनी ज्यांनी उभी करून घेतली ते मंचेरजी एदलजी जोशी, मुंबईच्या सुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये इंजिनीअर होते, मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट मिळवले. त्यांचा पुतळा कॉलनीत आहे आणि फाइव्ह गार्डन्सला नावही त्यांचंच आहे. पण मी उन्हाळ्यात तिथून चालतो तेव्हा मला पुतळ्याआधी ती सावली आठवते, रस्त्यागणिक एका जातीची झाडं लावलेली. तुमच्या स्टेशन रस्त्याला रुंदीकरणात झाडं गेली असतील, तर तिथे पन्नास कडुनिंब नीट आळं करून, तीन वर्षं पाणी घालायचं पक्कं करून लावा.

एवढं सांगूनही कमिटी पुतळ्यावरच अडून बसली तर निदान अर्धपुतळा करा आणि तो पालिकेच्या इमारतीच्या आवारात किंवा फिल्टर प्लांटच्या दारात बसवा. फिरोजशहा मेहतांचा पुतळा मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर आहे, ज्या संस्थेला त्यांनी घडवलं तिच्याच दारात, म्हणून तो तिथे शोभतो. फायबरचा करू नका, उन्हात तडकतो आणि मग दरवर्षी सोनेरी रंगाचे थर चढत चढत चेहरा सपाट होतो. ब्राँझ करा, शिल्पकाराला किमान आठ महिने द्या, घरचे अल्बम द्या, नुसता ऑफिसमधला हार घातलेला फोटो देऊ नका, आणि क्ले मॉडेल बघायला त्यांच्या मुलीला आणि जुन्या सहकाऱ्यांना घेऊन जा. आतल्या सांगाड्याचं आणि चौथऱ्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून सही घेऊनच पुढे जा. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ते बघून आमच्या क्षेत्रातल्या कित्येकांना रात्री झोप लागली नव्हती.

चौकाला नाव द्यायचं असेल तर द्या, माझी हरकत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. फक्त आधीचं काही बोलीतलं नाव असेल, म्हणजे पिंपळपार, हौदाची गल्ली असं, तर फलकावर तेही लिहा. हौदाची गल्ली या नावात तुमच्या पाण्याचा आधीचा इतिहास आहे, तो पुसू नका.

सुरुवात कुठून करायची असं शेवटी विचारलंय. फिल्टर प्लांटच्या दाराशी किंवा पंप हाउसच्या भिंतीत मूळ कोनशिला असणारच. बहुतेक ती ऑइलपेंटखाली गेली असेल. एका ठिकाणी मी सात थर काढले होते, खाली अध्यक्षांसोबत ओव्हरसिअरचं आणि गवंडी मिस्त्रीचंही नाव निघालं. तुमची सापडली तर घासू नका, सँडब्लास्टिंग तर अजिबात नको, ॲसिडही नको. पेंट रिमूव्हरचा लेप, प्लास्टिकचा पातळ कागद वरून, अर्धा तास थांबून लाकडी पट्टीने हलक्या हाताने काढायचं, आधी कोपऱ्यात हाताएवढ्या जागेवर करून बघायचं. नंतर कोवळ्या उन्हात, सकाळी आठच्या आत, बाजूने उजेड पडत असताना फोटो काढा आणि मला पाठवा, अक्षरं झिजली असतील तरी बरीचशी वाचून देता येतील.